ओळख म्हणजे पात्रता नव्हे

आर्थिक सल्लागाराला परीक्षा, नोंदणी आणि पात्रतेची अट असावी असं म्हटलं की एक ठरलेलं उत्तर येतं. हे पुण्या-मुंबईला ठीक आहे. सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीसारख्या तालुक्यात माणूस माणसाला ओळखतो, तिथे कागदाचं काय काम? या उत्तरात तीन मुद्दे असतात. एक, गावात व्यवहार ओळखीवर आणि शब्दावर चालतो आणि तेवढं पुरतं. दोन, मोठाल्या पदव्या घेतलेल्यांनीच लोकांना जास्त बुडवलं, तेव्हा प्रमाणपत्राने प्रामाणिकपणा येत नाही. तीन, अटी वाढवल्या तर आज जो कोणी चार गोष्टी सांगायला दारात येतो तोही येईनासा होईल, आणि फी मोजून सल्ला घेणारं गिऱ्हाईक इथे मिळणार नाही. तिन्ही मुद्द्यांत थोडंथोडं तथ्य आहे, म्हणूनच ते टिकून आहेत. पण त्यांतून काढला जाणारा निष्कर्ष साफ चुकीचा आहे. सल्ला देणाऱ्याच्या पात्रतेची गरज आटपाडीला पुण्यापेक्षा जास्त आहे, कारण चुकीचा सल्ला पचवण्याची ताकद इथल्या घरांत कमी आहे. आणि आपल्याकडच्या नियमांची रचना अशी झाली आहे की जो माणूस प्रत्यक्षात गावापर्यंत पोचतो, त्याच्यावरच सर्वांत कमी अटी आहेत.

आधी इथला पैसा कसा येतो ते पाहू. माणदेशातला हा दुष्काळी तालुका. टेंभू योजनेचं पाणी आलं तसं डाळिंब वाढलं, आणि आटपाडीच्या बाजारात डाळिंबाचे सौदे होऊ लागले. शेळ्या-मेंढ्यांचा बाजार जुनाच. शिवाय खानापूर-आटपाडी पट्ट्यातले गलाई बांधव सोन्या-चांदीच्या गलाईसाठी, म्हणजे ते वितळवून शुद्ध करण्याच्या धंद्यासाठी, देशभरातल्या शहरांत पसरलेले. त्यांची कमाई गावाकडे जमिनीत, घरात आणि ठेवींत येते. या सगळ्या पैशाची एक खूण आहे: तो महिन्याच्या एक तारखेला येत नाही. बहार साधला तर एकदम हातात पडतो. डाळिंबावर तेल्या रोग पडला, झाडांना मर लागली किंवा पाऊस चुकीच्या वेळी आला तर वर्ष कोरडं जातं. नोकरदाराच्या पैशाचं नियोजन आणि या पैशाचं नियोजन यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. तरीही इथे दारात येणारा माणूस जे घेऊन येतो ते बहुतेक वेळा नोकरदारासाठी बनवलेलं असतं, आणि ते या घराला बसतं का हे तपासण्याचं शिक्षण त्याला कोणी दिलेलं नसतं.

एक उदाहरण आकड्यांत मांडतो. बहार चांगला गेलेल्या शेतकऱ्याला वर्षाला ५०,००० रुपये हप्त्याची, पंधरा-वीस वर्षांची पारंपरिक विमा पॉलिसी विकली जाते. विकताना हमखास सांगितलं जातं की यात कर वाचतो. पण शेतीचं उत्पन्न प्राप्तिकरातून मुळातच मुक्त आहे. ज्याचं सगळं उत्पन्न शेतीचं, त्याचा कर वाचवण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. त्याला त्याच्याकडे नसलेल्या दुखण्याचं औषध विकलं जातं. दोन वर्षं हप्ते भरले, तिसऱ्या वर्षी बाग गेली आणि पॉलिसी मोडावी लागली, तर २०१९ च्या नियमांनुसार तिसऱ्या वर्षी परत मिळण्याची किमान हमी भरलेल्या हप्त्यांच्या ३५ टक्के होती. म्हणजे लाख भरून ३५,००० हातात. विकणाऱ्याला मात्र पहिल्या वर्षाच्या हप्त्यावर ३५ टक्क्यांपर्यंत कमिशन घेण्याची मुभा होती, म्हणजे १७,५०० पर्यंत. पॉलिसी टिको वा मोडो, त्याची कमाई पहिल्या वर्षीच झालेली. ऑक्टोबर २०२४ पासून पॉलिसी मोडण्याचे नियम ग्राहकाच्या बाजूने सुधारले, हे चांगलंच झालं. पण २०२३ मध्ये कमिशनवरची ही स्वतंत्र मर्यादा काढून ती कंपनीच्या एकूण खर्चाच्या मर्यादेत विरघळवली गेली, म्हणजे विकणाऱ्याचा मोह आहे तिथेच आहे.

या उदाहरणात खोटारडं कोणीच नाही. माहितीपत्रकातली ओळ न् ओळ खरी असू शकते. चूक आहे ती माणूस आणि योजना यांची गाठ घालण्यात, आणि ती टाळायला ज्ञान लागतं. पात्र सल्लागाराने आधी विचारलं असतं: सोसायटीचं पीककर्ज किती आहे? महाराष्ट्रात तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर व्याज सवलतींमुळे ते शून्य टक्क्यावर येतं. मुदत हुकली की ती सवलत जाते. विम्याचा हप्ता भरण्यासाठी ज्याने सोसायटीचं कर्ज थकवलं, त्याने फुकटातला पैसा सोडून महागातला उचलला. पुढच्या एका कोरड्या वर्षाची बेगमी बाजूला ठेवली आहे का? घरातल्या कर्त्या माणसाच्या पश्चात कुटुंबाला पुरेल एवढं विमासंरक्षण हवं असेल तर तोच हेतू थोड्या हजारांच्या निव्वळ मुदत विम्याने साधतो का? हे प्रश्न ओळखीतून सुचत नाहीत. ते शिकावे लागतात, आणि शिकलेलं आहे की नाही ते तपासावं लागतं. परीक्षेचा उपयोग एवढाच, पण तो मोठा आहे.

आता ओळखीकडे वळू. गावात ओळखीवर व्यवहार चालतो हे खरं आहे, आणि ती या समाजाची मोठी पुंजी आहे. पण गेल्या दोन दशकांतल्या मोठ्या फसवणुकी याच पुंजीवर उभ्या राहिल्या, हे विसरून चालणार नाही. पर्ल्स म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पीएसीएलने जमिनीच्या नावाखाली जे पैसे गोळा केले, त्याबाबत भांडवली बाजाराची नियामक असलेल्या सेबीने २२ ऑगस्ट २०१४ रोजी ४९,१०० कोटी रुपये परत करण्याचा आदेश दिला. गुंतवणूकदार होते सुमारे ५.८५ कोटी. एवढी माणसं जाहिराती पाहून जमली नव्हती. ती शेजारच्या, नात्यातल्या, एकाच वाडीतल्या एजंटांनी जमवली. समृद्ध जीवन या पुण्याच्या कंपनीने तर शेळ्या आणि म्हशी पाळण्याच्या नावाने पैसा गोळा केला. सेबीने २०१३ मध्ये तिला मनाई केली, पण पैसा पुढेही काही काळ जमत राहिला. २०१९ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या इस्लामपूरच्या रयत अॅग्रोचं कडकनाथ प्रकरण बाहेर आलं. पिल्लं घ्या, वाढवा, अंडी आणि कोंबड्या आम्हीच चढ्या दराने परत घेऊ, असं आश्वासन. पुढे खरेदी थांबली आणि फसवणुकीचे गुन्हे नोंदले गेले. शेळी काय भावाने जाते आणि कोंबडीला खाद्य किती लागतं, हे ज्या भागातल्या माणसाला कोणी शिकवायला नको, तिथेच शेळी-कोंबडीच्या योजना खपल्या. कारण प्रश्न जनावराचा नव्हताच. परतावा नेमका कुठून येणार, ही योजना कोणत्या कायद्याखाली नोंदलेली आहे आणि नवा ग्राहक आला नाही तर जुन्याला पैसे कोण देणार, हे तीन प्रश्न विचारायला हवे होते. भावकीतल्या माणसाला असे प्रश्न विचारणं उलट अवघड जातं. त्याच्या शब्दावर शंका घेतल्यासारखं होतं. ओळख प्रश्न थांबवते. म्हणूनच ती पात्रतेची जागा घेऊ शकत नाही.

हे समजायला आटपाडीकरांना दूर जायची गरज नाही. सोनं नुसतं पाहून त्याचा कस सांगता येत नाही, हे गलाई करणाऱ्यांइतकं कोणाला ठाऊक असणार? सराफ कितीही विश्वासू असला तरी १६ जून २०२१ पासून देशातल्या २५६ जिल्ह्यांत दागिन्यावर हॉलमार्क सक्तीचा झाला, आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकी ओळख क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. हा नियम आला म्हणून कोणा प्रामाणिक सराफाचा अपमान झाला नाही. गिऱ्हाईकाला स्वतः तपासता येत नाही अशी गोष्ट कोणीतरी तिसऱ्याने तपासून तिच्यावर क्रमांक टाकावा, एवढंच त्यामागचं तत्त्व. सल्ल्याचा कस तर सोन्यापेक्षाही उशिरा कळतो. तो कळेपर्यंत दहा-पंधरा वर्षं उलटलेली असतात. सेबीकडे नोंदलेल्या गुंतवणूक सल्लागाराला असाच एक क्रमांक असतो आणि तो सेबीच्या यादीत कोणालाही पडताळता येतो. गावात मात्र तो विचारण्याची सवय नाही, कारण विचारण्याजोगा माणूसच क्वचित येतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. शिकलेले, प्रमाणपत्रधारक फसवत नाहीत का? फसवतात. मार्च २०२० मध्ये येस बँकेचे ८,४१५ कोटींचे एटी-१ रोखे, म्हणजे बँक अडचणीत आली तर बुडू शकणारे रोखे, निर्लेखित झाले. ते मुदत ठेवीसारखे सुरक्षित भासवून सामान्य ग्राहकांना विकल्याबद्दल सेबीने २०२१ मध्ये बँकेला २५ कोटींचा दंड ठोठावला. विकणारे उच्चशिक्षित होते. २००४-०५ ते २०११-१२ या काळात युलिप, म्हणजे बाजाराशी जोडलेल्या विमा पॉलिसी, बंद पडून गुंतवणूकदारांचं दीड लाख कोटींहून अधिक नुकसान झाल्याचा अंदाज मोनिका हालन, रेणुका साने आणि सुसान थॉमस यांनी आपल्या अभ्यासात मांडला. त्या पॉलिसी शहरांतल्या बँकांच्या वातानुकूलित शाखांतूनही विकल्या गेल्या होत्या. तेव्हा पदवी म्हणजे सचोटी, असा दावा मी करत नाही. पण या उदाहरणांवरून पात्रता निरुपयोगी ठरते, हे अनुमान उलटं आहे. ही माणसं सल्लागार म्हणून वागत होती, पण कायद्याने ती विक्रेती होती. ग्राहकाचं हित आधी पाहण्याचं बंधन त्यांच्यावर नव्हतं, पगार विक्रीच्या लक्ष्यावर ठरत होता आणि चुकीचं विकलं म्हणून त्यांचा वैयक्तिक परवाना जात नव्हता.

पात्रता या शब्दात चार गोष्टी एकत्र यायला हव्यात: विषयाचं तपासलेलं ज्ञान, ग्राहकाच्या हिताला बांधील राहण्याचं कायदेशीर कर्तव्य, आपल्याला पैसे कोण देतं याची उघड कबुली, आणि चुकल्यास काढून घेता येईल अशी नोंदणी. यांतली एक असून भागत नाही. चौथी तर सर्वांत महत्त्वाची. प्रामाणिकपणा परीक्षेत मोजता येत नाही हे मान्य; पण अप्रामाणिक माणसाला पुन्हा तोच धंदा करता येऊ नये, याची व्यवस्था नोंदणीमुळेच होते. ज्याच्याकडे काढून घेण्यासारखं काही नाही, तो एक योजना बुडाली की पुढच्या वर्षी दुसरी घेऊन त्याच दारात येतो.

आणि इथेच आपल्या रचनेचा मुख्य दोष दिसतो. सेबीचे गुंतवणूक सल्लागार नियम २०१३ साली आले. जो फी घेऊन, कमिशन न घेता सल्ला देतो त्याला त्यांखाली दोन परीक्षा, नोंदणी, हिशेब, लेखी करार आणि तपासणी असं सगळं लागू होतं. म्युच्युअल फंड वितरकाला एकच परीक्षा, आणि तीत शंभरापैकी पन्नास गुण पुरतात. विमा एजंट दहावी पास असला तरी चालतो. पतसंस्थेच्या पिग्मी एजंटाला, जो रोज दुकानापाशी थांबतो आणि ठेव कुठे ठेवावी हे सर्वाधिक वेळा सांगतो, अशी कोणतीच परीक्षा नाही. म्हणजे कमिशनपासून जो जितका दूर, त्याच्यावर अटी तितक्या जास्त. कमिशनच्या जितका जवळ, तितक्या कमी. परिणाम समोर आहे. देशात नोंदणीकृत गुंतवणूक सल्लागार हजाराच्या आसपास, तर एकट्या एलआयसीचे एजंट तेरा लाखांहून अधिक. या एजंटांनी विमा गावोगाव पोचवला, ते श्रेय त्यांचं आहेच. पण घराच्या सगळ्या पैशाचा सल्ला देण्याचं काम त्यांच्यावर येऊन पडलं, आणि त्यासाठी त्यांना ना शिकवलं गेलं, ना त्यांच्यावर जबाबदारी टाकली गेली. २००९ मध्ये डी. स्वरूप समितीने सर्व वित्तीय उत्पादनांसाठी समान किमान चौकट सुचवली होती. २०१५ मध्ये सुमित बोस समितीनेही चुकीच्या विक्रीवर बोट ठेवलं. म्युच्युअल फंडांवरचा प्रवेश भार, म्हणजे गुंतवतानाच कापलं जाणारं शुल्क, सेबीने १ ऑगस्ट २००९ ला बंद केला, विम्याने मात्र तो रस्ता धरला नाही. नियामक वेगळे म्हणून नियम वेगळे. ग्राहकाचा खिसा मात्र एकच.

या फटीत आता मोबाईल शिरला आहे. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आधीच्या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक व्यापाऱ्यांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. एकत्रित तोटा १.८ लाख कोटींहून अधिक. उतरलेल्या व्यापाऱ्यांपैकी ७२ टक्क्यांहून अधिक लोक देशातल्या पहिल्या तीस शहरांबाहेरचे होते. हा आकडा 'पात्रता शहरासाठी' म्हणणाऱ्यांनी नीट पाहावा. धोका आधीच तालुक्याला पोचला आहे. पोचलेला नाही तो सल्लागार. ऑप्शनच्या टिपा देणारे शिकवणीचं नाव पुढे करतात, पण करतात ते सल्ला देण्याचंच काम. 'बाप ऑफ चार्ट' या नावाने असंच चालवणाऱ्याकडून १७.२ कोटी रुपये जप्त करण्याचा आदेश सेबीने ऑक्टोबर २०२३ मध्ये दिला. असा एक सापडतो तेव्हा बाकीच्यांचे गट चालूच असतात, आणि गावातल्या पोराला नोंदणीकृत कोण आणि बिननोंदणीचा कोण हे सांगणारं कोणी जवळ नसतं.

तिसरा आक्षेप: अट घातली तर गावात कोणी उरणार नाही. यातला एक भाग मला मान्य आहे. २०२० मध्ये सेबीने पदव्युत्तर पदवी, पाच वर्षांचा अनुभव आणि पाच लाखांची नक्त मालमत्ता अशा अटी घातल्या, तेव्हा तालुक्यातल्या पदवीधरासाठी दार जवळजवळ बंद झालं. डिसेंबर २०२४ मध्ये पदवी पुरेशी धरली, अनुभवाची अट काढली आणि नक्त मालमत्तेऐवजी ग्राहकसंख्येनुसार एक ते दहा लाखांची ठेव आणली, हा बदल मी योग्य मानतो. श्रीमंती किंवा एमबीए ही सल्ल्याची पात्रता कधीच नव्हती. पण ही सवलत पाहून 'मग परीक्षाही कशाला' असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. दार रुंद करावं, उंबरा काढून टाकू नये. ब्रिटनने २०१२ च्या अखेरीस सल्लागारांची किमान पात्रता वाढवली आणि गुंतवणूक उत्पादनांवरचं कमिशन बंद केलं. सल्ल्याचा दर्जा सुधारला, पण छोट्या बचतदाराला सल्लागार मिळेनासा झाला, आणि २०१६ मध्ये तिथल्याच सरकारी आढाव्याला ते मान्य करावं लागलं. त्यापासून शिकायचं ते हे की एका रात्रीत बंदी न घालता पायऱ्या कराव्यात, आणि शिकण्याचा खर्च तालुक्यापर्यंत उतरवावा.

पायऱ्या करता येतात याचा पुरावा आटपाडीच्या प्रत्येक पेठेत आहे. कीटकनाशक विकणाऱ्याला शैक्षणिक पात्रता हवी अशी अट केंद्राने २०१५ मध्ये घातली, तेव्हा कृषी सेवा केंद्रं बंद पडतील अशीच ओरड झाली. जुन्या दुकानदारांना मुदत मिळाली, छोटे अभ्यासक्रम आले. हैदराबादच्या 'मॅनेज' संस्थेची, दुकान चालू ठेवून आठवड्यातून एक दिवस करता येणारी, वर्षभराची 'देसी' पदविका तर २००३ पासून होतीच. दुकानं चालू राहिली. डाळिंबावर काय फवारावं हे सांगणाऱ्याला शिक्षण हवं हे आपण मान्य केलं, तर डाळिंबाची पट्टी कुठे गुंतवावी हे सांगणाऱ्याला ते नको, हे कोणत्या न्यायाने? आणि फीचं म्हणाल, तर सांगली जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला सल्ल्याचे पैसे देणं नवीन नाही. तासगावचे द्राक्षबागायतदार वर्षानुवर्षं खासगी सल्लागाराला फी देतात, कारण त्याचा सल्ला चुकला तर पुढच्या हंगामात त्याला बोलावणं येत नाही. लोक फी देत नाहीत ते निरुपयोगी सल्ल्याला. शिवाय फुकट वाटणारा सल्ला फुकट नसतोच. वरच्या उदाहरणातले १७,५०० रुपये त्या शेतकऱ्याच्याच हप्त्यातून गेले आहेत.

म्हणून मागणी नेमकी हवी. कुटुंबाने पैसा कुठे ठेवावा हे जो सांगतो, त्याच्यावर एकच किमान पात्रता लागू व्हावी. मग तो विमा विको, फंड विको वा मल्टिस्टेट पतसंस्थेची ठेव आणो. ती परीक्षा आणि तिचा अभ्यासक्रम पूर्णपणे मराठीत असावा. विमा एजंटाची परीक्षा मराठीत देता येते, तर हीही देता आली पाहिजे. त्यात शेती उत्पन्न, पीककर्ज, पतसंस्थेच्या ठेवीला बँक ठेवीसारखं पाच लाखांपर्यंतचं विमासंरक्षण नसतं ही गोष्ट, आणि बिननोंदणी योजना ओळखण्याच्या खुणा असाव्यात. पिग्मी एजंट, बचत गटांच्या बँक सखी आणि पोस्टाच्या महिला प्रतिनिधी यांच्यासाठी छोटी पहिली पायरी असावी आणि तिची फी शासनाने भरावी. याच बायका-पुरुषांवर गावाचा विश्वास आहे, त्यांना वगळून कोणतीही व्यवस्था उभी राहणार नाही. प्रत्येक विक्रीच्या कागदावर विकणाऱ्याला मिळणारी रक्कम रुपयांत छापली जावी, टक्क्यांत नव्हे. आणि नोंदणी रद्द झालेल्यांची यादी तहसील कार्यालयात आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी, म्हणजे एका गावात बुडवून दुसऱ्या गावात नव्या योजनेसह जाता येणार नाही.

हे सगळं झालं तरी कोणी फसणार नाही, असं नाही. ठेवीदारांच्या रक्षणासाठी महाराष्ट्राने १९९९ मध्ये कायदा केला, केंद्राने २०१९ मध्ये बिननियंत्रित ठेव योजनांवर बंदी घातली. तरीही योजना येतच राहिल्या, कारण हे कायदे पैसा गेल्यावर जागे होतात. गुन्हा नोंदवून, मालमत्ता जप्त करून, लिलाव होऊन ठेवीदाराच्या हातात काही पडेपर्यंत मुलीचं लग्न आणि मुलाचं शिक्षण दोन्ही कर्जावर उरकलेलं असतं. पात्रतेची अट पैसा जाण्याआधी काम करते, आणि म्हणूनच ती हवी. जे शिक्षण, जी जबाबदारी आणि जो परवाना पुण्यातला गुंतवणूकदार आपल्या सल्लागाराकडे मागू शकतो, ते सगळं दिघंची, खरसुंडी आणि करगणीच्या शेतकऱ्यालाही मागता आलं पाहिजे. 'गावात एवढं कोण बघतं' असं म्हणून त्याला कमी दर्जाचा सल्ला चालेल असं ठरवणाऱ्यांनी, तो निर्णय त्याच्या वतीने घेण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला, याचं उत्तर द्यावं.